मुरड

नऊ दिवस झाले, आमच्या बाथटबमध्ये
खजुराच्या झाडाच्या जटा भिजतायत.
अबू शगारा, टायरवाल्याच्या वर, तिसरा मजला.
आम्ही तिघं टबबाहेर उकिडवं बसून
बादलीने आंघोळ करतो.
आई रोज नाकाला पदर लावून विचारते,
"कागद करतेयस की ताडी?"

जटा दिल्या बागकाम करणाऱ्या झुल्फिकारने.
शिडीवरूनच खाली टाकल्या, म्हणाला, ने, फेकायच्याच होत्या.
मिक्सरचं जुनं भांडं त्यांच्यापायी गेलं.
नव्याला हात लावायचा नाही, असा कायदा आहे.

लगदा चाळणीवर पसरून गच्चीवर नेला,
डिश अँटेनांच्या रांगेत मांडला.
शारजाचं ऊन असं, की पापड करणाऱ्या बायका हेवा करतील.
दुपारपर्यंत कागद खडखडीत,
कडा दातेरी, पोटात एक मुंगी कायमची.
मुंगी मी राहू दिली.

आता त्यावर आमची गल्ली काढायची
आणि बोट ठेवलं की गल्लीने बोलायचं.
टायरचं फुस्स, कराक चहाची उकळी,
असरची अजान, समोरच्या फिलिपिनो मुलीचं
दाढ दुखत असल्यासारखं कराओके,
सगळं फोनमध्ये पकडून ठेवलेलं.
तांब्याची पट्टी महाग. पण बाबांच्या व्हॅनमध्ये
एसीच्या डक्टला लावायची चंदेरी टेप, रिळांवर रिळं.
एक मागितलं. "एकच हं, कंपनीचं आहे," म्हणाले,
आणि दोन आणली.

टेप कापली, चिकटवली, कोपरे नीट जुळवले.
रात्री दीड वाजता वायर जोडली.
गल्ली मुकी.
म्हणजे सरळ रस्ता बोलायचा,
वळण आलं की तोंडात गुळणी.
मिस लुलवा म्हणाल्या, वीज धातूतून जाते, डिंकातून नाही.
तुझ्या प्रत्येक कोपऱ्यात डिंकाची भिंत आहे.
इतक्या शांतपणे म्हणाल्या, की मला कागद फाडावासा वाटला.
(फाटला नसता. जटांचा होता.)

आई चवळी निवडत होती.
चष्मा वर केला, टेप बोटांत धरून पाहिली.
"तोडू नकोस. वळव."
आणि कोपऱ्याकोपऱ्यावर
करंजीला घालतात तशी बारीक मुरड घालत गेली,
चंदेरीला चंदेरी भेटवत.
मीटर कुईं करून ओरडला.
ती दचकली. मग मुद्दाम
पुन्हा एकदा टोक लावून बघितलं.
"सारण सांडत नाही, तर वीज कशी सांडेल?"

प्रदर्शनाला बाबा ड्यूटीवरून थेट आले,
निळा गणवेश, खिशावर कंपनीचं नाव.
कॉलेजच्या काचेच्या दाराशी बराच वेळ पाय पुसत राहिले.
लोक बोट लावत होते, गल्ली बोलत होती.
बाबांनी लावलं. काही नाही.
जरा दाबून लावलं. काही नाही.
पत्र्याने आणि वीस उन्हाळ्यांनी
त्यांच्या बोटांवर अशी साल आणलीय
की स्वतःचा फोन ओळखत नाही,
विमानतळावरचं यंत्र तर दरवेळी रांगेतून बाजूला काढतं.
"राहू दे," म्हणाले. "छान केलंयस."
हात खिशात गेला.

सगळं मोजलं होतं मी.
टेपची लांबी, कागदाची जाडी, हवेतला दमटपणासुद्धा.
हे बोट नव्हतं मोजलं.

आई सरकून त्यांच्याजवळ गेली,
कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली,
"नोटा मोजता तसं करा की."
बाबांनी इकडेतिकडे पाहिलं,
बोट जिभेला लावलं,
टायरवाल्याच्या दुकानावर टेकवलं.

फुस्स.

"मागचा टायर आहे हा," ते म्हणाले,
आणि बोट परत ओलं केलं.